अंतरा सुई आणि थांबलेली पाळी: तेरा बाजारांचा हिशेब

"पाळी काहून नाही येऊन राहिली वो ताई?" अंतरा, म्हणजे दिवस राहू नयेत म्हणून दर तीन महिन्यांनी घ्यायची गर्भनिरोधक सुई, घेणाऱ्या बाईच्या तोंडी दुसऱ्या-तिसऱ्या सुईच्या सुमारास हा प्रश्न हमखास येतो. उपकेंद्राच्या ओट्यावर, निंदणाच्या धुऱ्यावर, अंगणवाडीत लेकराला आणायला गेल्यावर, आवाज खाली करून तो विचारला जातो. विचारणारीच्या मनात दोन भीती असतात. एक, दिवस तर गेले नसतील? दुसरी, रक्त पोटातच साचून गोळा तर होत नसेल? पहिलीचं उत्तर तारखेत आणि लघवीच्या तपासणीत आहे, दुसरीचं शरीराच्या कामात. हे उत्तर वेळेवर मिळालं नाही की बाई घाबरून पुढची सुई टाळते. मग काही महिन्यांनी पहिली भीती खरी होऊन समोर येते. म्हणून हे सगळं नीट, आकड्यांसकट लिहून ठेवते आहे.

दुसरी भीती आधी घेऊ, कारण ती जास्त खोल रुतलेली असते.

अंतरा म्हणजे डीएमपीए, पूर्ण नाव डेपो मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन ॲसिटेट. एका सुईत 150 मिलिग्रॅम औषध, 1 मिलिलिटर. दंडात, कुल्ल्यावर किंवा मांडीत, स्नायूत खोल दिली जाते आणि तीन महिने पुरते. आपल्या देशात या औषधाला 1993 साली परवानगी मिळाली, तेव्हा ते फक्त खासगी दवाखान्यात मिळायचं. 2017 पासून सरकारी दवाखान्यात 'अंतरा' या नावाने फुकट मिळतं. खासगीत डेपो-प्रोव्हेरा म्हणून देतात ते हेच. कातडीखाली द्यायचा 104 मिलिग्रॅमचा प्रकारही आहे, त्याचाही हिशेब तीन महिन्यांचाच.

एरवी दर महिन्याला अंडाशयातून इस्ट्रोजेन हे हार्मोन सुटतं आणि गर्भाशयाच्या आतल्या बाजूला अस्तर जाड होत जातं. पेरणीआधी वावर तयार करतात तसंच. अंडं फुटतं, गर्भ राहिला नाही की तयार झालेलं अस्तर गळून पडतं, आणि तेच रक्तासोबत बाहेर येतं. त्याला आपण पाळी म्हणतो. अंतरा घेतल्यावर अंडं फुटणं थांबतं आणि अस्तर वाढतच नाही. सोनोग्राफी केली तर पातळ रेघेसारखं दिसतं. वावर तयारच झालं नाही तर उपटून काढायचं काय? साचायला पोटात काही तयारच होत नाही. अंगावर पाजणाऱ्या बाईला पाच-सहा महिने, कधी वर्षभर पाळी येत नाही. तेव्हा रक्त कुठे साचतं असं कोणी विचारत नाही. तिथेही गोष्ट हीच असते, अस्तर वाढत नाही.

वजन वाढलं की "पाळी साचून अंग सुटलं" असं सासू म्हणते. सुईवर वर्षाला साधारण 1 ते 2 किलो वजन वाढू शकतं हे खरं आहे, पण ते औषधाचं काम आहे, त्यात साचलेलं रक्त नसतं. "घाण डोक्यात चढते, म्हणून डोकं दुखते" हेही असंच. डोकेदुखी या औषधाने होऊ शकते, तिचा पाळीशी संबंध नाही.

किती बायांची पाळी थांबते? औषधाच्या कंपनीच्याच माहितीपत्रकात आकडे आहेत: वर्षभर सुई घेतल्यावर 100 पैकी 55 बायांना पाळी येत नाही, दोन वर्षांनी 68 जणींना. म्हणजे थांबणं हे जास्त जणींच्या बाबतीत होतं. सुरुवात मात्र वेगळी असते. पहिले तीन ते सहा महिने बहुतेकींना अनियमित लागतं: कधी नुसता डाग, कधी आठ-दहा दिवस थोडं थोडं, कधी पंधरा दिवसांत दोनदा. मग हळूहळू कमी होतं आणि थांबतं. हा क्रम पहिल्या सुईच्या वेळीच बाईला सांगायला हवा. "काही होत नाही, घ्या" एवढं बोलून सुई टोचणं मला चूक वाटतं. कारण तीच बाई दोन महिन्यांनी घाबरून मेडिकलवर जाते.

आता पहिली भीती, दिवस गेल्याची. इथे एक सवय बदलावी लागते. जन्मभर आपण पाळीची तारीख धरून चालतो. सुईवर असताना पाळीची तारीख काहीच सांगत नाही. सांगते ती सुईची तारीख. म्हणून पाळी आली नाही की स्वतःला पहिला प्रश्न हा विचारा: मागची सुई कधी घेतली?

तीन महिने म्हणजे नेमके 13 आठवडे, 91 दिवस. खेड्यात हे मोजायचं सगळ्यात सोपं साधन म्हणजे आठवडी बाजार. बाजाराचा वार ठरलेला असतो. सुई घेतल्यानंतरचा पहिला बाजार एक धरा, आणि तेराव्या बाजाराला सुईला जा. सुई बाजाराच्याच दिवशी घेतली असेल तर त्या दिवसाचा बाजार मोजू नका, पुढच्या आठवड्यापासून एक सुरू करा. सुई मंगळवारची आणि बाजार गुरुवारचा असेल तर तेरावा बाजार 91 दिवस भरायच्या पाच दिवस आधी येतो. चालतं, लवकरच्या बाजूने चूक झालेली बरी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येक बाजाराला टिकली लावा, किंवा चुलीजवळच्या भिंतीवर कोळशाने रेघ ओढा.

या 13 आठवड्यांना दोन्हीकडे सवलत आहे. दोन आठवडे लवकर, म्हणजे 11 आठवडे पूर्ण झाले की घेता येते. चार आठवडे उशीर, म्हणजे 17 आठवडे पूर्ण होईपर्यंत घेतली तरी संरक्षण तुटत नाही आणि वेगळी तपासणी लागत नाही. एक उदाहरण पाहा. सुई 15 जुलैला घेतली. पुढची 14 ऑक्टोबरला येते. 30 सप्टेंबरपासून घेता येते आणि 11 नोव्हेंबरपर्यंत चालते. आता आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे काय, ते सांगायला नको: सोयाबीनची सोंगणी, लगेच कापसाची पहिली वेचणी, त्यातच दिवाळी. प्राथमिक आरोग्य केंद्रात जायचं तर दिवसाची मजुरी बुडते, वेचणीचे किलो बुडतात. "दिवाळी झाली की जाऊ" म्हणता म्हणता 11 नोव्हेंबर निघून जातो आणि लक्षातही येत नाही, कारण पाळी तशीही येतच नव्हती. या हंगामात सुई लवकरच्या बाजूला ओढून घ्या, सोंगणी लागायच्या आधी. गडचिरोलीत पावसाळ्याचं तसंच. भामरागडकडे पर्लकोटा नदीचं पाणी चढलं की रस्ता तुटतो. सुईची तारीख त्या दिवसांत येत असेल तर अकरा आठवडे भरताच घेऊन मोकळं व्हा. मेळघाटातून कामाला बाहेर गेलेल्या बाया होळीला परततात. सुई मधल्या काळात येत असेल तर जाण्याआधी घ्या, नाहीतर कार्ड सोबत ठेवा आणि जिथे असाल तिथल्या सरकारी दवाखान्यात दाखवा. चार आठवड्यांची सवलत अडचणीसाठी आहे. दर वेळी तिच्यावर ढकलत गेलं की एखाद्या वेळी पाय घसरतोच.

वेळेवर घेतली तर ही सुई हजारात दोन बायांनाच दगा देते. नेहमीच्या वापरात, म्हणजे उशीर आणि विसर धरून, वर्षाला शंभरात साधारण चार जणींना दिवस जातात. दोन आकड्यांमधलं अंतर जवळजवळ सगळं तारखेचं आहे.

मग तपासणी कधी करायची?

सगळ्या सुया वेळेत झाल्या असतील, मळमळ, छाती जड होणं, वारंवार लघवी असं काही नसेल, तर पाळी न येण्यासाठी तपासणीची गरज नाही. तरी मनात पाल चुकचुकत असेल तर एकदा करून टाका. एका किटने मनाचा घोर जात असेल तर ते किट वाया गेलं असं मला वाटत नाही.

पहिल्या सुईनंतर लगेच पाळी थांबली तर मात्र तपासणी कराच. पहिल्याच महिन्यात साफ बंद होणं कमी जणींमध्ये दिसतं. आणि एक चूक इथे वारंवार होते: सुई घेतानाच बाईला दिवस गेलेले असतात. पाळी सुरू झाल्यापासून 7 दिवसांच्या आत पहिली सुई घेतली तर ती लगेच लागू पडते. त्यानंतर, मधल्याच दिवशी घेतली तर दिवस गेले नाहीत याची खात्री करून घ्यावी लागते आणि पुढचे 7 दिवस निरोध वापरावा लागतो. हे 7 दिवस सांगायचे राहून जातात. अशी मधल्या दिवशी घेतलेली सुई असेल तर तीन-चार आठवड्यांनी लघवी तपासा. बाळंतपणानंतर अंगावर पाजत असाल तर सहा आठवड्यांनी सुई सुरू करता येते. गर्भपातानंतर लगेच किंवा 7 दिवसांच्या आत.

17 आठवडे उलटून गेले असतील तर आधी लघवी तपासा, मग सुई. दिवस नाहीत असं निघालं आणि मधल्या काळात संबंध आले नसतील किंवा दर वेळी निरोध वापरला असेल, तर त्याच दिवशी सुई घेता येते, पुढे 7 दिवस निरोध. संबंध आले असतील आणि गेल्या 72 तासांतलेच असतील, तर आशाताईकडे ईझी पिल, म्हणजे संबंधानंतर घ्यायची तातडीची गर्भनिरोधक गोळी असते, तीही घ्या. जितकी लवकर तितकी कामाची. आणि एक ध्यानात ठेवा: काल-परवाच्या संबंधाचा गर्भ आजच्या किटवर दिसत नाही. शेवटच्या संबंधानंतर 21 दिवस झाले की आलेलं 'नाही' खरं मानायचं. तोवर निरोध, आणि तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी.

किट आशाताईकडे 'निश्चय' नावाचं फुकट मिळतं. सकाळची पहिली लघवी, कोरड्या स्वच्छ भांड्यात. पाकीट वापरायच्या वेळीच फोडा. आधी फोडून ठेवलेलं किट दमटपणाने बिघडतं, आणि मे महिन्यात टिनाच्या छताखाली पडलेल्या किटवरही भरवसा नको. पट्टी सपाट जागी ठेवा. ड्रॉपरने गोल खळग्यात दोन-तीन थेंब टाका, जास्त नको. पाच मिनिटं थांबा. 'सी'जवळ एकच रेघ म्हणजे दिवस नाहीत. 'सी' आणि 'टी' दोन्हीजवळ रेघ म्हणजे दिवस आहेत, दुसरी रेघ फिकट असली तरी आहेतच. 'सी'जवळ रेघच उमटली नाही तर किट खराब, दुसरं वापरा. पट्टी ठेवून वेचणीला गेलात आणि दुपारी येऊन पाहिलं तर त्या रेघेला अर्थ नाही. वाळताना खोटी रेघ उमटू शकते.

तपासणीत दिवस गेलेले निघाले तर सुई बंद करा आणि डॉक्टरांना दाखवा. सुईमुळे पोटातल्या बाळाला व्यंग येतं असा पुरावा नाही, त्यामुळे त्या भीतीने घाई करू नका. मूल नको असेल तर गर्भनिरोधक साधन फसणं हे कायद्याने गर्भपाताचं मान्य कारण आहे, 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने तो करता येतो. सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची सही लागत नाही.

आता ज्या गोष्टीने सगळ्यात जास्त नुकसान होतं, ती: पाळी आणायची गोळी.

पाळी थांबली की मेडिकलवरून "पाळी यायच्या गोळ्या" आणल्या जातात. यातल्या बऱ्याच गोळ्या नॉरइथिस्टेरॉन किंवा मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनच्या असतात. एरवी त्या पाच-दहा दिवस देऊन बंद केल्या की अंगातलं प्रोजेस्टेरॉन हे हार्मोन एकदम खाली येतं आणि वाढलेलं अस्तर गळतं. सुईवर असलेल्या बाईच्या स्नायूत त्याच जातीच्या औषधाचा साठा आधीच बसलेला असतो आणि रोज थोडा थोडा विरघळत असतो. गोळी बंद केली तरी पातळी खाली येत नाही. आणि गळायला अस्तरही वाढलेलं नसतं. म्हणून गोळ्या खाऊनही पाळी येत नाही. बाईला वाटतं, गोळीनेही आली नाही म्हणजे नक्कीच दिवस गेले. इथून पुढची पायरी असते गर्भपाताचं पाकीट. तपासणी न करता, दिवस नसताना, पाच गोळ्यांचं ते पाकीट खाल्लं जातं. पोटात मुरडा, उलट्या, ताप, रक्तस्राव, आणि हाती काहीच नाही. दिवस गेलेलेच असतील तर धोका आणखी मोठा, कारण किती आठवड्यांचं आहे आणि गर्भ पिशवीतच आहे की नळीत, हे कोणी पाहिलेलं नसतं. तुमचा मेडिकलवाला गावातलाच, ओळखीचा असेल, पण ही गोळी त्याच्याकडून घेऊ नका. तीळ-गूळ, ओवा, पपई खायला हरकत नाही, अंगाला चांगलंच आहे. पाळी त्याने येत नाही.

सुईवर पाळी थांबली यावर औषधच लागत नाही. ज्यावर औषध आहे ते उलट्या तक्रारीवर, म्हणजे जास्त जाण्यावर. आठ दिवसांपेक्षा जास्त किंवा नेहमीच्या दुप्पट जात असेल तर डॉक्टर मेफेनॅमिक ॲसिडच्या 500 मिलिग्रॅमच्या गोळ्या दिवसातून दोनदा, 5 दिवस देतात, जेवणानंतर घ्यायच्या. पोटात व्रण असेल किंवा किडनीचा त्रास असेल तर आधी सांगा.

सुई देण्यातही चुका होतात, आणि त्या घेणाऱ्या बाईला पाहता येतात. हे औषध पाण्यासारखं विरघळलेलं नसतं. पांढरे बारीक कण पाण्यात तरंगत असतात, कुपी उभी ठेवली की तळाशी बसतात. न हलवता ओढलं तर वरचं पाणी सिरिंजमध्ये येतं आणि औषध कुपीतच राहतं. नीट हलवलेली कुपी दुधासारखी एकसारखी पांढरी दिसते. सिस्टर कुपी हलवत आहेत का, तळ रिकामा झाला का, एवढं पाहा. विचारलं म्हणून कोणी रागावायचं कारण नाही.

दुसरी चूक घरी होते. दंड दुखतो म्हणून बाई तेल चोळते, बाम लावते, गरम पाण्याची पिशवी ठेवते. ते कण स्नायूत गाठीसारखे बसून सावकाश विरघळायला हवेत. चोळलं, शेकलं की ते पसरतात, भराभर विरघळतात आणि तीन महिन्यांचा साठा आधीच संपू शकतो. त्या दिवशी सुईची जागा चोळायची नाही, शेकायची नाही, लेकराला सांगून दाबूनही घ्यायची नाही.

टीबीच्या गोळ्या चालू असल्या तरी या सुईचा असर कमी होत नाही. रोजच्या गर्भनिरोधक गोळ्यांचं तसं नाही, टीबीच्या रिफाम्पिसिन या औषधाने त्यांचा असर कमी होतो. छाया ही सरकारी गर्भनिरोधक गोळी आणि अंतरा यांचेही नियम एकमेकांत मिसळू देऊ नका. छायावर पाळी लांबते, पण तिथे पाळी 15 दिवसांहून जास्त लांबली की तपासायचं असतं. अंतरासाठी असा पाळीचा नियम नाही.

विदर्भात एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, यवतमाळ, मेळघाट या पट्ट्यात सिकलसेल हा रक्ताचा पिढीजात आजार बऱ्याच घरांत भेटतो. सिकलसेलच्या बाईला ही सुई चालते, आणि सुईवर अंगदुखीचे झटके कमी होतात असं अभ्यासांत दिसलं आहे. रक्त कमी असलेल्या बाईचंही तसंच. दर महिन्याला जाणारं रक्त वाचतं, त्यासोबत लोह वाचतं. हिमोग्लोबिन आठ-नऊवर घेऊन धानाच्या रोवणीत दिवसभर वाकून उभं राहणाऱ्या बाईसाठी पाळी थांबणं हा आरामच आहे. लोहाच्या गोळ्या मात्र सोडू नका.

घरातल्या आणि गावातल्या नजरांचं काय, हा प्रश्न दवाखान्यात फार कमी विचारला जातो आणि गावात तोच सगळ्यात मोठा असतो. बाई महिनोन्‌महिने बाजूला बसली नाही की घरात कुजबुज सुरू होते. एटापल्ली-भामरागडकडे जिथे पाळीत कुर्माघरात, म्हणजे वेगळ्या झोपडीत, राहायची रीत आहे, तिथे तर कोण गेली आणि कोण नाही हे अख्ख्या गावाला दिसतं. लपवून सुई घेणारी बाई त्यातून उघडी पडते. तिला हे आधीच माहीत असायला हवं, म्हणजे काय सांगायचं ते ती स्वतः ठरवेल. कोणाला सांगायचं हा तिचाच अधिकार. आशाताईंनी, सिस्टरांनी तिच्या सासूजवळ, नवऱ्याजवळ एक शब्दही काढू नये. ज्या घरात बोलता येतं तिथे सासूलाच एकदा सोबत नेऊन वावराचं उदाहरण सांगितलं की बरंच काम होतं. भाद्रपदात महालक्ष्म्या येतात तेव्हा पाळी पुढे ढकलायच्या गोळ्यांची धांदल असते. सुईवर पाळी थांबली असेल तर त्या गोळ्यांची गरज नाही. आणि पहिल्या सहा महिन्यांतले डाग त्या गोळ्यांनी थांबतीलच अशी हमी नसते.

सुई सोडल्यानंतरचा काळ हा खरा फसवा. शेवटच्या सुईनंतर पाळी परत यायला कित्येक महिने लागतात, काहींना वर्ष. पुष्कळ बाया म्हणतात, पाळी येईल तेव्हा पाहू. पण अंडं आधी फुटतं आणि पाळी त्यानंतर दोन आठवड्यांनी येते. म्हणजे एकही पाळी न येता दिवस जाऊ शकतात. सतरावा आठवडा संपला की संरक्षण संपलं असंच धरा, पाळी असो वा नसो. मूल नको असेल तर त्याआधीच तांबी, गोळी, निरोध, काहीतरी सुरू करा.

ज्यांना मूल हवं आहे त्यांना उलटा घोर लागतो: सुईने वांझपण आलं का? येत नाही. शेवटच्या सुईपासून दिवस जायला सरासरी 10 महिने लागतात, काहींना कमी, काहींना बरेच जास्त. किती वर्षं सुई घेतली याने त्यात फरक पडत नाही. म्हणून पुढच्या वर्षी लेकरू हवं असेल तर सुई यंदाच थांबवा. लग्नानंतर मूल होण्याआधी सुई घ्यायला मनाई नाही, पण हा उशीर त्या मुलीला सुई टोचायच्या आधी सांगायलाच हवा. शेवटच्या सुईनंतर वर्ष उलटून गेलं तरी पाळी आली नाही तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, मग कारण दुसरं असू शकतं.

पुढच्या गोष्टी अंगावर काढू नका. पोटात एका बाजूला जोराची कळ, चक्कर, खांद्यात दुखणं, त्यातच किटवर दोन रेघा असतील तर तासाभराचाही उशीर नको. नळीत राहिलेला गर्भ असू शकतो, 108 ला फोन करा. डोळे पिवळे होणं, डोळ्यांपुढे चमकून डोकं फुटेल असं दुखणं, सुईची जागा सुजून पू होणं, वर्षभर बंद असलेलं रक्त अचानक भरपूर जायला लागणं. यासाठी पुढच्या सुईची वाट पाहायची नाही. रक्तदाब 160/100 किंवा त्याहून जास्त, पक्षाघात किंवा हृदयविकार, स्तनाचा कर्करोग, यकृताचा मोठा आजार, कारण न कळलेला रक्तस्राव, यापैकी काही असेल तर ही सुई नको. म्हणूनच पहिली सुई डॉक्टरांच्या तपासणीनंतरच घ्यायची असते. साधी शंका असेल तर 104 वर फोन करून विचारता येतं. आणि एड्ससारखे संबंधातून होणारे आजार ही सुई थांबवत नाही, त्यासाठी निरोधच.

सुई घेतल्यावर मिळणाऱ्या कार्डावर तारीख आणि पुढची तारीख दोन्ही लिहून घ्या, घरी आल्यावर मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा. नवऱ्याचा मोबाईल असेल आणि दाखवायचं नसेल तर फोटो नको, कॅलेंडरवरच्या टिकल्या पुरतात. कार्ड हरवलं तर जिथे सुई घेतली तिथल्या रजिस्टरमध्ये तुमची नोंद असते. सिस्टरांना सुईचा महिना आणि आसपासचा सण सांगा, पोळ्याच्या आधी की नंतर, एवढ्यावर नोंद सापडते. तिथेही तारीख मिळाली नाही तर उशीर झाला असं धरूनच चालायचं: आधी किट, 'सी'ची एक रेघ आणि दिवस नाहीत याची खात्री, मग सुई, पुढे 7 दिवस निरोध, आणि त्या दिवसापासून बाजार पुन्हा एकपासून मोजायचे.